पाळी गेल्यानंतर हाडांची तपासणी : वस्तीतल्या कार्यकर्त्यांना काय माहीत हवे

आपल्या वस्त्यांमध्ये बाईच्या आरोग्याचा विषय निघतो तो बहुतेक वेळा बाळंतपणापुरता. गरोदरपणाची नोंद, लोहाच्या गोळ्या, बाळाचे लसीकरण, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया, इथपर्यंत आशाताई दारात येते आणि अंगणवाडीच्या वहीत नाव असते. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले, तेव्हा कष्टकरी बाईचे शरीर हा तिच्या घरापुरता प्रश्न नाही, त्याची जबाबदारी मालकावर आणि सरकारवरही आहे, हा मुद्दा त्यांनी ठामपणे मांडला होता. ती जबाबदारी आजही अर्धीच पाळली जाते. पाळी गेली की बाई कागदावरून गायब होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची मुख्य मुलाखतसुद्धा 15 ते 49 वर्षे वयाचीच असते.

त्यापुढे ती पंचवीस-तीस वर्षे जगते. धुणीभांडी करते, शेतावर जाते, नातवंडे सांभाळते. एक दिवस मोरीत पाय घसरतो, मनगट मोडते, सहा आठवडे प्लास्टर लागते आणि "पडली म्हणून मोडलं" एवढ्यावर विषय संपतो. वैद्यकशास्त्राच्या नजरेने विषय तिथे सुरू व्हायला हवा. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून पन्नाशीपुढच्या बाईचे हाड मोडले, तर ते हाड आधीच ठिसूळ झाले असण्याची दाट शक्यता असते. मनगटाचा हा पहिला इशारा सोडून दिला की पुढे पाठीचा मणका चेपतो, नंतर खुबा मोडतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक जण वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांतले अनेक जण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

हे टाळता येण्याजोगे आहे. तपासणीची सुरुवात महागड्या मशीनने करावी लागत नाही, म्हणून हा लेख खास युवा कार्यकर्ते आणि महिला मंडळांसाठी लिहीत आहोत.

हाडांत नेमके काय होते

हाड हा जिवंत भाग आहे. जुने हाड सतत झिजवले जाते आणि नवे भरले जाते. तिशीपर्यंत साठा वाढतो, नंतर हळूहळू उतरतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक झिजवण्याच्या कामाला लगाम घालून ठेवते. पाळी जाते तेव्हा हा लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांतला 20 टक्क्यांपर्यंतचा साठा जाऊ शकतो. त्यात दुखत काहीच नाही. गुडघे दुखतात ते सांध्यांच्या झिजेने, आणि ते दुखणे वेगळे. वस्तीत "हाडं दुखतात" या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी मिसळतात, त्यामुळे गुडघ्याला तेल चोळले जाते आणि ठिसूळ होत चाललेल्या मणक्याकडे कोणाचे लक्ष नसते.

तिशीपर्यंत साठा किती जमला, हेही तितकेच महत्त्वाचे. आज साठी ओलांडलेल्या आपल्या आया-मावश्यांपैकी कित्येक जणी 1972 च्या दुष्काळात लहान होत्या. पोटाला पुरेसे नसताना त्यांनी दुष्काळी कामावर आईबरोबर खडी वाहिली. कष्टाने हाड मजबूत होते हे खरे, पण ते पोटात अन्न असेल तर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 2005 साली कमी उत्पन्न गटातील 30 ते 60 वयाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 52 टक्के जणींची हाडांची घनता कमी होती आणि 29 टक्के जणींना ऑस्टिओपोरोसिस होता. लक्षात घ्या, या साठ वर्षांच्या आतल्या स्त्रिया आहेत. अमेरिकेत सरसकट तपासणीचे वय 65 धरले जाते. तो आकडा आपल्या वस्तीला जसाच्या तसा लावला तर आपण उशिरा पोहोचू.

सर्वात आधीचा प्रश्न : पाळी कधी गेली आणि कशी गेली?

आमच्या मते संपूर्ण तपासणीतला हा सर्वात मोलाचा आणि सर्वात कमी विचारला जाणारा प्रश्न आहे. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे. 45 च्या आत गेली तर ती लवकर, 40 च्या आत गेली तर ती अकाली. जितकी लवकर, तितकी हाडांची झीज आधी सुरू.

"कशी गेली" हे विचारायचे कारण म्हणजे पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या प्रश्नावर 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे 17 टक्के. देशपातळीवर 2019-21 च्या सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण 3.3 टक्के होते. बीडची चर्चा झाली ती कोयता, मुकादम, पाळीच्या दिवसांचा दंड आणि खासगी दवाखाने यांच्याभोवती, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या बायकांच्या हाडांचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि आजही मागेच आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश दिले. ते पुढच्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी उपयोगी आहेत. ज्यांची पिशवी आधीच गेली त्यांच्यासाठी आपल्याला विचारपूस करावी लागेल.

विचारताना एक फरक नीट समजून घ्या. "पिशवी काढली" म्हणजे फक्त गर्भाशय की त्याबरोबर दोन्ही अंडाशयेही? अंडाशये काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद झाले. ती बाई 35 वर्षांची असली तरी तिच्या हाडांसाठी पाळी त्या दिवशीच गेली. अंडाशये ठेवली असतील तरी अशा बायकांत ती सरासरी लवकर थकतात, आणि पिशवीच नसल्याने पाळी थांबल्याची खूण मिळत नाही. बाईला स्वतःला हा फरक बहुतेक वेळा माहीत नसतो, कारण तिला कोणी सांगितलेलाच नसतो. उत्तर डिस्चार्ज कार्डावर असते. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि जातीच्या दाखल्याच्या खाली ते कार्ड असू शकते, ते शोधून काढायला मदत करा. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत अंडाशये आहेत का, ते डॉक्टरांना विचारता येते.

वजनकाटा, टेप आणि भिंत

आशियाई स्त्रियांसाठी ओस्टा नावाची एक सोपी चाळणी आहे. किलोतल्या वजनातून वय वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला 0.2 ने गुणायचे. उत्तर उणे 1 पेक्षा वर असेल तर धोका कमी, उणे 1 ते उणे 4 असेल तर मध्यम, उणे 4 च्याही खाली गेले तर जास्त. 58 वर्षांच्या, 42 किलोच्या बाईचा आकडा उणे 3.2 येतो, म्हणजे मध्यम. 65 वर्षांच्या, 40 किलोच्या आजीचा उणे 5 येतो, म्हणजे तिला मशीनच्या तपासणीला पाठवायलाच हवे. ही चाळणी रोगाचे निदान करत नाही. आधी कोणाला पाठवायचे, एवढेच ती सांगते. चाळणीतून सुटली तरी आधी हाड मोडले असेल किंवा पाळी लवकर गेली असेल तर पाठवायचेच.

अडचण वयाची येते. आपल्याकडे निम्म्या आज्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असते, आणि सालही शाळेने किंवा ऑपरेटरने अंदाजाने टाकलेले. म्हणून कार्डावर थांबू नका. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात? नामांतराच्या आंदोलनात लग्न झालेले होते का? नामविस्तार झाला, 1994 साली, तेव्हा थोरला मुलगा कितवीत होता? अशा दोन-तीन प्रश्नांत वय बरेच जवळ येते. पाच वर्षांचा फरक पडला तर ओस्टाचा आकडा पूर्ण एकने बदलतो, म्हणून ही मेहनत वाया जात नाही.

पुढे उंची. चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल तर मणका चेपला असण्याची शंका घ्यावी. तरुणपणीची उंची कोणी लिहून ठेवलेली नसते. मग विचारा, फळीवरचा डबा पूर्वी हाताला लागायचा, आता लागतो का? नऊवारीचा किंवा परकराचा काठ जमिनीला टेकायला लागला का? भिंतीला पाठ टेकून सरळ उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, किंवा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांत दोन बोटांपेक्षा कमी जागा उरली असेल, तर तीही खूण आहे. चेपलेल्या मणक्यांपैकी बहुसंख्य कधी लक्षातच येत नाहीत. "वय झालं, वाकली" असे म्हणून ते सोडून दिले जातात. अशा बाईला पाठीच्या मणक्याचा एक्स-रे हवा, तोही बाजूने काढलेला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे एक्स-रेची सोय असलेल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात हे काम पैशाविना होऊ शकते.

पडण्याचा धोकाही तपासा. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला 15 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर मांड्या अशक्त आहेत. विहारात वंदना संपल्यावर कोण सहज उठते, कोण भिंतीचा आधार घेते आणि कोण गेल्या वर्षभरात खाली बसायचीच बंद होऊन खुर्ची मागू लागली, हे डोळे उघडे ठेवले तरी कळते. वर्षभरात कितीदा पडलात हेही विचारा. बायका हे आपणहून सांगत नाहीत. पडणे सांगितले तर मुले कामावर जाऊ देणार नाहीत, अशी भीती असते.

डेक्सा आणि त्याचा कागद

हाडांची घनता मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा. बाई टेबलावर उताणी झोपते आणि दहा-पंधरा मिनिटांत कमरेचा मणका आणि खुबा यांचे माप घेतले जाते. इंजेक्शन नाही, बंद नळकांड्यात जावे लागत नाही, किरणांचे प्रमाण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये आणि अंगावर धातू नसावा, एवढेच. ही सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे आणि खासगी केंद्रांत त्याला काही हजार रुपये पडू शकतात. म्हणूनच वरची चाळणी आधी लावायची.

अहवालात टी-स्कोअर पाहायचा. तो तरुण निरोगी स्त्रीच्या सरासरीशी तुलना करतो. उणे 1 किंवा त्यावर सामान्य, उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान घनता कमी, उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली दिली. शेजारी झेड-स्कोअर असतो, तो त्याच वयाच्या बायकांशी तुलना करतो. पाळी गेलेल्या बाईचे निदान त्यावरून करत नाहीत. मणका, खुब्याची मान आणि संपूर्ण खुबा यांतला सर्वात कमी आकडा धरायचा. समजा मणक्याचा उणे 1.2 आणि खुब्याच्या मानेचा उणे 2.7 आला, तर ऑस्टिओपोरोसिस आहे. उतारवयात मणक्याच्या झिजेमुळे तिथे हाडाचे काटे वाढतात आणि मशीनला ते घट्ट हाड वाटते, त्यामुळे मणक्याचा चांगला आकडा फसवा असू शकतो.

उलट बाजूही आहे. तुलनेसाठी बहुधा गोऱ्या अमेरिकी स्त्रियांची मापे वापरली जातात, आणि लहान चणीच्या हाडाची घनता डेक्सावर थोडी कमीच दिसते. म्हणून उणे 1.5 आला की घाबरून औषध सुरू करायचे कारण नाही. डॉक्टर त्याबरोबर पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढतात. त्यासाठी शेफील्ड विद्यापीठात तयार झालेले फ्रॅक्स नावाचे मोफत गणित आहे, त्यात भारतासाठी वेगळी निवड आहे आणि डेक्साशिवायही ते वापरता येते. आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, आधी हाड मोडले होते का, स्टिरॉइड, संधिवात, दारू, धूम्रपान असे प्रश्न त्यात आहेत. मिश्री आणि तंबाखूला मात्र त्यात रकाना नाही, वारंवार पडण्यालाही नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना तोंडी सांगाव्या लागतील.

शिबिरातले टाचेचे मशीन

14 एप्रिलच्या आसपास आणि वर्षावासात विहारांत आरोग्य शिबिरे होतात. त्यांत "मोफत हाड तपासणी" हा फलक हमखास असतो. टाच मशीनमध्ये ठेवतात, मिनिटभरात चिठ्ठी येते, लाल-पिवळा रंग दिसतो. हे अल्ट्रासाऊंड आहे, डेक्सा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची उणे 2.5 ची रेषा या चिठ्ठीला लागू होत नाही, आणि तिच्यावरून औषध सुरू करणे किंवा "हाडं ठणठणीत" म्हणून निश्चिंत होणे दोन्ही चूक. आमचा आक्षेप मशीनवर नाही. ते चाळणी म्हणून चालू शकते. आक्षेप आहे तो चिठ्ठी हातात देऊन शेजारच्याच टेबलावर पावडरचा डबा विकण्याला. शिबिराला जागा देण्याआधी संयोजकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : मशीन कोणत्या प्रकारचे, ते कोणी पुरवले, आणि धोका दिसलेल्या बाईला पुढे कोणत्या रुग्णालयात, कोणाबरोबर पाठवणार? तिसऱ्याचे उत्तर नसेल तर त्या दिवशी टेप आणि वजनकाटा जास्त उपयोगी पडेल.

मशीनला न दिसणाऱ्या गोष्टी

डेक्सा घनता सांगतो, कारण सांगत नाही. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेने हाडे मऊ पडतात, त्यातही टी-स्कोअर खाली येतो. पण त्याचा उपचार वेगळा. अशा बाईला कमतरता न भरता थेट ऑस्टिओपोरोसिसचे इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून औषधाआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन या रक्ततपासण्या व्हाव्यात. उन्हात राबणारी बाई आहे, तिला ड जीवनसत्त्वाची काय कमतरता, असे गृहीत धरू नका. साडी, पूर्ण बाह्या आणि डोक्यावरचा पदर यांतून त्वचेला मिळणारे ऊन फार कमी असते.

विदर्भातल्या वाचकांनी सिकलसेलकडे खास लक्ष द्यावे. आपल्या समाजात आणि आदिवासींत हा आजार जास्त आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांत हाडांची घनता कमी असू शकते, शिवाय खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो. अशा बाईचा खुबा दुखत असेल तर "पाळी गेली म्हणून" असे समजून थांबू नये, खुब्याचा एक्स-रे आणि गरज पडल्यास एमआरआय लागतो. सिकलसेलचे कार्ड हाडांच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

स्टिरॉइडबद्दल थेट विचारून उत्तर मिळत नाही. "दम्याची गोळी", "सांध्याची पुडी", "ते इंजेक्शन घेतलं की महिनाभर बरं वाटतं" अशा शब्दांत ते लपलेले असते. रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन महिने किंवा जास्त घेतले तर हाडांचा धोका वाढतो. पण बंद करा असे आपण सांगायचे नाही, ते अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जायचे.

आहाराची विचारपूस याच वहीत करा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असते, म्हणजे एकट्या भाकरीने गरज भागत नाही. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, सुकी मासळी यांतले घरात काय परवडते आणि त्यातले बाईच्या ताटात काय पडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. म्हणजे खुबा मोडल्यावरच्या शस्त्रक्रियेला सरकारी पैसा आहे, तो मोडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात करायच्या डेक्साला नाही. जिल्हा रुग्णालयात किमान एक डेक्सा मशीन, आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईच्या प्लास्टरबरोबर हाडांच्या तपासणीची चिठ्ठी, या दोन मागण्या रुग्ण कल्याण समितीपुढे आणि जिल्हा परिषदेत लेखी मांडता येतील. बीड, परभणी, जालना या ऊसतोडीच्या जिल्ह्यांतल्या संघटनांनी यात पिशवी काढलेल्या महिलांसाठी वेगळी नोंद मागावी.

तोवर प्रत्येक बाईसाठी एक पातळ फाइल पुरेशी आहे. त्यात पिशवीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, जुन्या प्लास्टरचा एक्स-रे, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे, सिकलसेल असल्यास त्याचे कार्ड, आणि एका कागदावर वजन, उंची, अंदाजाने पक्के केलेले वय, पाळी गेल्याचे साल आणि गेल्या वर्षात पडल्याची संख्या. डेक्सा झालाच तर त्याचा कागदही त्यातच राहू द्या आणि पुढचा डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करा, कारण दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी लावून पाहता येत नाहीत.